तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, मंडई : तुमचे अनुभव लिहा

निशिगंध :
परवा आईला घेऊन मेट्रोने मंडईत गेले. पिंपरीला बसलो, मंडईला उतरलो. गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तिने गावात जाणं सोडलंच होतं. बस नको, रिक्षा नको, गर्दीत कुणाचा धक्का लागला तर काय, हेच चालू असायचं. २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, शेवटी तयार झाली.

तुळशीबागेत शिरताना मी तिचा हात धरला होता. तो तिने दोन मिनिटांत सोडवून घेतला आणि पुढे चालायला लागली. कुठल्या बोळातून गेलं की भांडी, कुठे देवांची वस्त्रं, कुठे खोटे दागिने, सगळं तिला पाठ. एका दुकानात सोऱ्याच्या जाळ्या बघत बसली. चकलीची जाळी उजेडाकडे धरून एकेका भोकाचे कोपरे तपासले. म्हणाली, "कोपरे बोथट असले की चकलीला काटे येत नाहीत." मी पन्नाशीला आले, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग परतीच्या प्रवासात जुन्या गोष्टी निघाल्या. दिवाळीआधी बाबांचा बोनस झाला की येणाऱ्या रविवारी आम्ही चौघं लोकलने शिवाजीनगरला यायचो. तिथून चालत शनिवारवाडा, मग लक्ष्मी रस्ता. पहिल्यांदा कापड, कारण हातात पैसे पुरते असतानाच कापड घ्यायचं हा आईचा नियम. माझ्या आणि ताईच्या फ्रॉकचं कापड एकाच ताग्यातलं. मग मंडईत फळं. आणि सगळ्यात शेवटी तुळशीबागेत माझ्या भातुकलीचं एक भांडं. दर दिवाळीला एकच. एका वर्षी कढई, पुढच्या वर्षी बंब. ती भातुकली अजून आहे, आता भाचीची मुलगी त्या पितळी बंबात पाणी "तापवते".

मधल्या काळात मला वाटायला लागलं होतं की या भागाबद्दल बोलण्यासारखं आता गर्दी आणि पार्किंग एवढंच उरलंय. आईला तिथे चालताना बघून तसं वाटेनासं झालं. तुम्ही लिहा ना. कुणाबरोबर जायचात, काय आणायचात, कुठे खायचात. मोठं झालं तरी चालेल.

चहाबाज :
जागा धरतोय. सासुरवाडी बुधवार पेठेत, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ऑफिसमधून सुटलो की लिहितो.

खडीसाखर :
जाळीचं अगदी खरं गं! माझ्या सासूबाई तर चकलीच्या पिठाचा मळलेला गोळा डबीत घालून घरून न्यायच्या. दुकानातच सोऱ्यात घालून दाबून बघायच्या. दुकानदार ओळखीचा झाला होता, लांबून दिसल्या की आधीच पाटावर कागद पसरून ठेवायचा.
थांबा, कुकर झाला.
हां. विचारायचं राहिलं, बिडाचा तवा आता चांगला कुठे मिळतो? माझा परवा तडकला.

पेठेतला :
तुळशीबागेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढीच जागा. धागा वाचून राहवलं नाही, दुकान बंद करून बसलोय लिहायला.

बांगडीचं माप गिऱ्हाईक "दोन-चार", "दोन-सहा" असं सांगतं. दोन इंच आणि वर चार आणे, सहा आणे. इंचाचे सोळा आणे धरायचे. मनगट बारीक की जाड याने काही ठरत नाही. बोटांच्या मुळाशी हात जिथे रुंद असतो, तिथे तो किती दबतो यावर माप. आजोबा समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचे, अंगठा आत मिटवायचे आणि लगेच माप सांगायचे. मी ते शिकलो, पण त्यांच्याइतक्या झटकन अजून सांगता येत नाही. लग्नाचा हिरवा चुडा भरायला मुली यायच्या तेव्हा ते त्यांना बोलण्यात गुंतवायचे, गाव कुठलं, नवरा काय करतो. शेवटची बांगडी चढली तरी मुलीला कळायचं नाही.

२०२० साल आठवतं. पुण्यात तेव्हा पी-वन पी-टू होतं, आज रस्त्याच्या या बाजूची दुकानं, उद्या त्या बाजूची. दुकान उघडायची परवानगी आली तरी माणूस नव्हतं. अशात एक आजोबा आले. रुमालात बायकोची एक जुनी काचेची बांगडी गुंडाळून आणलेली. आजी दवाखान्यात होत्या, तिथे हातातल्या बांगड्या काढायला लागल्या होत्या, आता घरी आल्या तर मोकळे हात बघून रडत होत्या. हात सुजलेला. "याच मापाच्या द्या, पण चढतील का हो?" मी त्याच मापाच्या दिल्या आणि एक माप वरच्याही दिल्या. म्हटलं, बसतील त्या ठेवा, उरतील त्या परत आणा, पैसे नंतर. ते परत आले दिवाळीच्या सुमारास, आजींना घेऊनच. आजींनी स्टुलावर बसून स्वतः रंग निवडला. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, आणखी काही विकावंसंच वाटेना.

आणि घासाघिशीबद्दल लोक फार विचारतात म्हणून सांगतो. जरूर करा, आम्हाला राग येत नाही. भाव ठरला, वस्तू कागदात बांधून झाली आणि मग "जाऊ दे, नको" म्हटलं की मात्र वाईट वाटतं. सकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल तर भवानी होऊ द्या, त्या वेळी आम्हीही ताणत नाही.

निशिगंध :
पेठेतला दादा, आजींचं वाचून डोळे भरून आले. आईला वाचून दाखवलं, ती म्हणतेय दुकान कुठल्या बोळात ते विचार.

लिंबूटिंबू :
दादा, दोन-दोन माप मोठ्यांच्या डिझाइनमध्ये मिळतं का हो? सगळीकडे कार्टूनवाल्या बांगड्या दाखवतात मला 😄

पेठेतला :
मिळतं ताई, काचेच्या साध्या आणि रेषेच्या दोन्ही. आधी सांगून आलात तर काढून ठेवतो.

घाटमाथा :
आमचं गाव जुन्नर तालुक्यात. आमच्याकडं लग्न जमलं की पहिली चर्चा बस्त्याची. बस्ता नारायणगावलाही बांधता येतो, पण माझी आजी अडून बसली होती, पुण्यालाच, लक्ष्मी रोडलाच. तिच्या स्वतःच्या लग्नात बस्ता झालाच नव्हता, मामानं एक लुगडं आणलेलं तेवढंच.

दोन जीप भरून माणसं निघालो. आमच्याकडची, नवऱ्याकडची, दोन्हीकडच्या मानाच्या बायका. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या घातलेल्या, चपला खाली काढायच्या. म्हाताऱ्या तक्क्याला टेकून बसल्या. चुलत्यांकडं वही. मामीची साडी, मावळणीची, करवलीची, चुलत सासवांची, मग टोप्या-टॉवेल डझनावारी. मावळणीची साडी मामीच्या साडीपेक्षा हलकी निघाली तर लग्नापर्यंत बोलणं बंद, म्हणून सगळ्या किमती चुलते हळूच वहीत बघून घ्यायचे. दुकानाकडून चहा आला, पोरांना सरबत आलं.

मग शालूची वेळ आली. मला एक हिरवा फार आवडला. वडिलांनी किंमत ऐकली आणि काही न बोलता कापडी पिशवीची गाठ सोडायला लागले. त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता. चाळीतला निम्मा कांदा सडून गेलेला. मी म्हटलं, मला हिरवा नको, तो पलीकडचा अंजिरी दाखवा. काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, अंजिरी उलगडून माझ्या खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिरवा कुणीपण नेसेल, हा रंग हिच्यासारखीलाच शोभतो." बायकांनी माना डोलावल्या. झालं.

वडिलांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षी माझ्या मुलीनं तो शालू गॅदरिंगला नेसला. आजीला त्या दिवशी इरकल घेतलं, ती परतीच्या वाटेवर चाकणपर्यंत ते मांडीवर घेऊन बसली होती.

खडीसाखर :
घाटमाथा 🙏 काय लिहिलंस. भाजी करपली माझी.

काउंटरवरून :
घाटमाथा ताई, ते काका आमच्यातलेच कुणीतरी. मी लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात नोकरीला आहे, मिसरूड फुटायच्या वयापासून. नवरी एका साडीकडे पुन्हा पुन्हा बघते आणि मागते मात्र दुसरीच, तेव्हा आम्हाला कळतं. अशा वेळी तोंडातून चुकीचा शब्द जाऊ द्यायचा नाही, हे आम्हाला आमच्या वरच्या माणसांनी शिकवलं. साड्यांची नावं, सुताचे प्रकार त्यानंतर.

आलोच आहे तर काही उपयोगाचं सांगतो. रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. मोरपंखी आत निळा दिसतो, बाहेर हिरवा. "दारात आणून दाखवा" म्हणा, आम्ही आणतो. पैठणी घेताना पदर उलटून बघा. हातमागावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती मागावर हाताने विणलेली नाही. मशीनवरची घेऊ नका असं मी म्हणत नाही, माझ्या बहिणीला मीच घेऊन दिली आहे, पण हातमागाच्या भावात घेऊ नका. नऊवारी नऊ वारांची, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. उंच बाईने मोजून घ्यावी, नेसताना कासोट्याला कमी पडते. आणि मॅचिंगच्या दुकानात साडीचा फोटो नका नेऊ, साडीच न्या. मोबाइलमधला रंग आणि खरा रंग यात ब्लाउज फसतो.

संध्याकाळी गर्दी ओसरली की आम्ही दिवसभर उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला बसतो. ते आमचं कामच आहे. पण एखादी बाई उठता उठता दोन घड्यांना हात लावते, "किती पसारा घातला हो तुम्हाला" म्हणते, तेव्हा बरं वाटतं.

अळूवडी :
काउंटरवरून काका, गौरींना नेसवायला तयार शिवलेल्या साड्या तुमच्याकडे असतात का? आमच्या उभ्याच्या गौरी. दर वर्षी निऱ्या घालता घालता रात्रीचे दोन वाजतात.

काउंटरवरून :
आमच्याकडे नाहीत. तुळशीबागेत मिळतील, उंचीचं माप घेऊन जा.

सातारी_कंदी :
अळूवडी ताई मुखवटे पितळी की शाडूचे? आमचे शाडूचे, रंग उडालाय, नवीन घ्यावेत की रंगवून घ्यावेत?

अळूवडी :
पितळी. सासऱ्यांच्या आजीपासूनचे. शाडूचे असतील तर रंगवून घ्या हो, चेहरा बदलला की घरच्यांना चुकल्यासारखं होतं. आमच्या जावेकडे नवीन आणले तर तिची सासू म्हणे, "या आपल्या नव्हेत."

वरणफळ :
आमच्या खड्याच्या. नदीवरून खडे आणायचे, तुळशीबागेला फक्त चोळखण. चाललंय कुठे हे सगळं, धागा गौरींचा झाला 😀

मोगरा :
मी जरा वेगळं लिहिते. कॉलेजात होते तेव्हा गणपतीच्या दिवसांत या रस्त्यांवर गर्दीत नको ते हात लागायचे. आईने पर्सच्या पट्ट्याला मोठी सेफ्टी पिन अडकवून दिली होती, कशासाठी ते तिनेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकदा मात्र मी जोरात ओरडले. आजूबाजूचे सगळे बघत राहिले. पहिली धावून आली ती पाटीत पिना-कंगवे घेऊन बसणारी मावशी. तिने त्या माणसाची कॉलर धरली आणि अशा शिव्या घातल्या की दोन्हीकडचे दुकानदार बाहेर आले. मग मला आपल्या पाटीमागे बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं. "पोरी, तू का रडतीस, रडू दे त्याला." नंतर कितीतरी वर्षं मी पिना तिच्याकडूनच घ्यायचे, हव्या असोत नसोत.

माझी मुलगी आता मैत्रिणींबरोबर जाते. तिला मी पिनही देते आणि ती कशासाठी आहे तेही सांगते.

आणि एक, स्वच्छतागृहं. बाहेरगावहून दिवसभराच्या खरेदीला आलेल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, मी डोळ्यांनी बघितलंय. इतका जुना बाजार, एवढी उलाढाल, तिथे हे नीट असायलाच हवं.

घाटमाथा :
अगदी खरं ताई. बस्त्याच्या दिवशी आमच्या सगळ्या बायका घरी येईस्तोवर तशाच.

काउंटरवरून :
आमच्या दुकानात वरच्या मजल्यावर आहे. काही न घेता नुसतं विचारलंत तरी कुणी नाही म्हणणार नाही. मोठ्या दुकानांत विचारत चला, संकोच करू नका.

चाकं :
मी व्हीलचेअर वापरतो. अपघाताआधी आमचं घर नारायण पेठेत, रोजचं येणंजाणं लक्ष्मी रस्त्याने. अपघातानंतर तो रस्ता मला बंद झाला. पदपथावर चढायला उतार नाही, असला तर त्यावर दुचाकी लावलेली. रस्त्यावरून जावं तर मागून हॉर्न.

२०२१ च्या ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन झाला, लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद केला होता. भाऊ म्हणाला, चल. मी मधोमध गेलो. कडेने नाही, मधून. माझी स्वतःची गती ठेवून, थांबावंसं वाटलं तिथे थांबून. एरवी लक्ष सगळं चाकाखाली आणि मागच्या गाडीकडे. त्या दिवशी मान वर करून पाहिलं तर जुन्या वाड्यांच्या लाकडी गॅलऱ्या अजून आहेत, दुकानांच्या पाट्यांच्या वर. शाळेतला मित्र एका दुकानाच्या दारात दिसला, त्यानेच हाक मारली. गाड्यांचा आवाज नव्हता म्हणून ऐकू आली.

त्यानंतरही ११ डिसेंबरची वाट बघत असतो. मला वाटतं हे महिन्यातून निदान एका रविवारी करावं. व्यापाऱ्यांना धंद्याची काळजी वाटते हे कळतं, पण जे लोक आज येऊच शकत नाहीत त्यांचीही खरेदी असतेच की. मला त्या दिवशी दोन शर्ट, आईला शाल आणि भावाला नको असलेला पट्टाही घेतला!

दूरदेशी :
चाकं, मी श्टुटगार्टला असते. इथली मुख्य बाजाराची केनिगश्ट्रासे कायमची पायी चालणाऱ्यांसाठीच आहे, आणि दुकानं भरलेली असतात. म्हातारी माणसं वॉकर घेऊन येतात, बाकावर बसतात, आइस्क्रीम खातात. आपल्याकडे का होऊ नये.

बाकी मी पुण्यात उतरले की दुसऱ्या दिवशी तुळशीबाग. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण लागतं, ते डझनावारी. वजनाचं गणित करून घ्यावं लागतं, त्यामुळे कुंकवाचे करंडे, छोट्या पळ्या, वातींची पाकिटं. एकदा मोदकपात्र आणलं, विमानतळावर तपासणीत उघडून बघितलं. त्या बाईला मोदक कसे उकडतात ते समजावून सांगितलं तेव्हा तिने मला पाककृती लिहून मागितली. मुलं ओढत होती म्हणून राहून गेलं.

पेठेतला :
चाकं दादा, आमच्या बोळातल्या फरशा खालीवर आहेत, पण बाजीराव रस्त्याच्या बाजूने आलात तर सकाळी दहाच्या आत मोकळं असतं. मी स्वतः घ्यायला येईन. काय हवंय ते बाहेर आणून दाखवतो.

चाकं :
येतो दादा. बायकोला घेऊन येतो.

मऱ्हाटवाडा :
मी परभणीचा. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट घेतली. पुण्यातली पहिली माहीत झालेली जागा आप्पा बळवंत चौक, म्हणजे एबीसी, पुस्तकांच्या दुकानांचा. एक पुस्तक नवीन, बाकी जुनी, असं करत करत सेट पूर्ण केला. परीक्षा झाली की तीच पुस्तकं परत त्याच चौकात. कितीतरी पुस्तकांवर आधीच्या पोरांनी समासात टिपणं केलेली, "हे २ वेळा विचारलंय", "हे सोड". अनोळखी माणसाचं ते अक्षर वाचून धीर यायचा. कुणीतरी आपल्याआधी याच कॉटवर बसून हेच वाचलंय असं वाटायचं.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, पुण्याहून नथ आण. मला नथीतलं काय कळतंय. तुळशीबागेत गेलो तर भिंतभर नथी. दुकानातल्या काकूंनी विचारलं, "नाक टोचलंय का तिचं? टोचलेलं असेल तर तारेची, नसेल तर चापाची." सख्ख्या बहिणीचं नाक टोचलंय का मला आठवेना. घरी फोन लावला. आईनं स्पीकरवर टाकला, सगळं घर हसायला लागलं, काकूपण हसायला लागल्या. काकूंनी फोन हातात घेऊन माझ्या आईशीच बोलून नथ ठरवली, माझं काम पैसे द्यायचं. निघताना म्हणाल्या, "अभ्यास करा, आणि पास झालात की पेढे द्यायला या."

परीक्षेतून पोस्ट निघाली नाही आमची. सध्या गावाकडं शाळेवर आहे, बरं चाललंय. गेल्या मे महिन्यात पुण्याला गेलतो तेव्हा काकूंना पेढे देऊन आलो, नोकरीचे. ओळखलं त्यांनी. "नाक टोचलेल्या बहिणीचे भाऊ ना?"

निशिगंध :
मऱ्हाटवाडा, किती छान! शाळेतल्या मुलांना सांगा ही गोष्ट.

सातारी_कंदी :
समासातल्या टिपणांचं फार आवडलं. माझ्या धाकट्याची एबीसी चौकातली जुनी पुस्तकं अजून आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा. दहावीची आहेत, अभ्यासक्रम बदलला का?

चहाबाज :
आलो. मागच्यांनी एवढं लिहिलंय की मी फक्त राहिलेलं सांगतो.

बायकोची खरेदी चालू असते तेव्हा मी राममंदिरात बसतो. तुळशीबागेत वर्षानुवर्षं जाणारी कितीतरी माणसं मला भेटली ज्यांनी हे मंदिर आतून बघितलेलं नाही. बाहेर क्लिपा, टिकल्या, कुकरच्या शिट्ट्या, आणि एका दारातून आत गेलं की दगडी फरसबंदी अंगण, उंच शिखर, लाकडी सभामंडप. नारो अप्पाजी खिरे म्हणून पेशव्यांचे सरसुभेदार होते, पुढे ते तुळशीबागवालेच झाले, त्यांनी अठराव्या शतकात हे बांधलं. आधी देऊळ, मग त्याच्या भोवतीने वाढत गेलेला बाजार. रामनवमीला जन्माच्या वेळी गेलात तर बाजारातले सगळे दुकानदार आत असतात.

मंडईचं सासऱ्यांनी सांगितलेलं. ते मंडईत फळांच्या गाळ्यावर हिशेब लिहायचे. ही इमारत १८८६ ची, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याला फुटलेल्या बाजू. जोतिराव फुले नगरपालिकेचे सभासद होते आणि या इमारतीच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून. सासरे हे सांगताना दर वेळी मनोऱ्याकडे हात करायचे, "आणि आज नाव कुणाचं आहे बघा, महात्मा फुले मंडई." त्यांना त्याचा फार अभिमान. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण मंडईतल्या कितीतरी बायकांना सही करायला त्यांनी शिकवलं, दुपारच्या वेळी, टोमॅटोच्या पेटीवर कागद ठेवून.

आणि मिनर्वा, आर्यन. आज ही पार्किंगची नावं आहेत. दोन्ही सिनेमाची थिएटरं होती. सासूबाईंनी लग्नाआधी चोरून सिनेमा बघितला तो मिनर्वात. कुणाबरोबर ते सासऱ्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं, असं त्या सांगायच्या. सासरे म्हणायचे, मलाही माहीत होतं, मीच होतो.

वरणफळ :
😂😂 चहाबाज, सासू-सासऱ्यांवर वेगळा धागा काढा.

मोगरा :
टोमॅटोच्या पेटीवर सही... फार मोठं काम केलं हो त्यांनी.

लिंबूटिंबू :
खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! श्रीकृष्ण भुवनची मिसळ, वरून कावरेंकडची मस्तानी. मिसळीसाठी बोळात रांग असते, पण पुढे सरकते. आम्ही मैत्रिणी आधी खातो, मग खरेदी. भुकेल्या पोटी नको त्या वस्तू घेतल्या जातात.

अळूवडी :
आमच्याकडे उलट, खरेदी झाली तरच मस्तानी. मुलं पिशव्या धरायला पळत यायची त्यामुळे.

उन्हाळी :
तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून मिळते का त्या भागात? आजीचं पातेलं आहे, आतून लाल दिसायला लागलंय.

जुनं_पितळ :
कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे चौकशी करा. काम समोर उभं राहून करून घ्या. भांडं तापवतात, आत नवसागराची पूड फिरवतात, मग कथील लावून कापसाने झटक्यात सगळीकडे पसरवतात. पांढरा धूर येतो, लांब उभे राहा. लहान मुलांना न्या बघायला, भांडं आतून चांदीसारखं झालं की टाळ्या वाजवतात. कल्हई गेलेल्या पातेल्यात तोवर ताक, चिंच, आमटी काही ठेवू नका.

आणि खडीसाखर ताई, तव्याचं कुणी सांगितलं नाही अजून. बोहरी आळीत बघा. तवा एका हातात अधांतरी धरून नाण्याने वाजवायचा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. आतून हात फिरवून बघा, खरखर सगळीकडे सारखी हवी. घरी आणल्यावर धुऊन, भाताच्या पेजेत रात्रभर ठेवा. सकाळी कोरडा करून तेल लावून मंद आचेवर तापवा, अर्धा कांदा घासा, हे दोन-तीनदा. पहिली दोन घावनं चिकटतील, ती वाया गेली समजा. गरम तव्यावर गार पाणी कधी ओतायचं नाही, बीड त्यानेच तडकतं.

खडीसाखर :
खूप खूप आभार! गुरुवारी जातेच. पेठेतला दादा, बोहरी आळीतून तुमच्याकडे येते, दोन-सहा काढून ठेवा. हिरव्या, साध्या.

पेठेतला :
या ताई. दुपारी या, निवांत भरून देतो.